भाड्याच्या खोलीतले गरम पाणी: वीज नियामक आयोगास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र वीज नियामक आयोग, मुंबई

प्रत: ऊर्जा विभाग आणि गृहनिर्माण विभाग, महाराष्ट्र शासन

स. न. वि. वि.

१ जुलै २०२५ पासून घरगुती वीजग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. त्यासाठी वेळेची नोंद करणारा मीटर लागतो. सवलत चांगली आहे, तिच्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. मात्र एका मीटरवर पाच-सहा बिऱ्हाडे राहतात, प्रत्येक दारावर सब-मीटर असतो आणि महिनाअखेरीला मालक वहीत आकडा लिहून पैसे मागतो, तिथे ही सवलत पोचतच नाही. आधीच्या दरआदेशांतही ही बिऱ्हाडे कुठे नव्हती. आयोगाच्या लेखी ग्राहक म्हणजे ज्याच्या नावाने बिल येते तो. भाडेकरूच्या नावाने बिल येत नाही, म्हणून तो दरपत्रकात नाही, सवलतीत नाही आणि तक्रार निवारण मंचाच्या खिडकीवरही नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही भोसरी, चाकण, वाकड, हिंजवडी या पट्ट्यात भाड्याने राहणारे आहोत. त्याच खोल्यांचे वायरिंग करणारे वायरमनही आमच्यात आहेत. पाइपचा गॅस मोठ्या सोसायट्यांपर्यंत आला आहे, पण गावठाणाच्या गल्ल्यांत आणि औद्योगिक वसाहतींच्या कडेला उभ्या राहिलेल्या चाळींत तो नाही. जिथे आहे तिथेही जोडणी मालकाच्या नावे असते. पूर्वी वाड्यात बंब असायचा. आताच्या दहा बाय दहाच्या खोलीत लाकूड पेटवता येत नाही आणि पेटवू नये. उरते ती वीज. खोली गरम करण्याची गरज आपल्याकडे फारशी पडत नाही, पण आंघोळीचे पाणी वर्षातले चार-पाच महिने तापवावेच लागते. लहान मूल, बाळंतीण किंवा म्हातारे माणूस असेल तर बाराही महिने. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातमीत येतो. नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या खोल्यांची गोष्ट म्हणून आमच्याहून कठीण आहे.

बादलीचा हिशेब

दरनिश्चितीच्या चर्चेत गिझर म्हटले की चैनीची वस्तू समोर येते, म्हणून आधी हिशेब मांडतो. हिवाळ्यात पहाटे गच्चीवरच्या टाकीतले पाणी १८ अंशांच्या आसपास असते. आंघोळीला ४२ अंश पुरतात. २० लिटर पाणी २४ अंशांनी तापवायला ०.५६ युनिट उष्णता लागते. रॉड असो वा गिझर, इकडेतिकडे जाणारी उष्णता धरून बादलीमागे ०.६ युनिट पडते. चार माणसांचे रोजचे २.४, महिन्याचे ७२ युनिट. काटकसरीला यात वाव नाही, कारण रॉड स्वस्तातला घ्या की महागातला, पाणी तापायला तेवढीच वीज लागते. पाच ताऱ्यांचा गिझर घेतला तर टाकीत साठलेल्या पाण्याची उष्णता कमी वाया जाते. पाणी तापवून लगेच वापरून टाकणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

आता १०० युनिटांची पायरी पाहा, म्हणजे महिन्याला जिथवर वीज सगळ्यात स्वस्त दराने मिळते ती मर्यादा. चार माणसांच्या घरात ७२ युनिट पाण्यावर गेले तर पंखा, दिवे, फ्रिज आणि मोबाइल चार्जिंग २८ युनिटांत बसवायचे. एकटा फ्रिजच तेवढी वीज खातो. म्हणजे चार माणसांचे घर हिवाळ्यात स्वस्त पायरी ओलांडणारच. हा झाला स्वतःचा मीटर असणाऱ्याचा प्रश्न, तो पुन्हा कधीतरी. एका मीटरवर पाच बिऱ्हाडे असतात तिथले चित्र वेगळेच आहे.

महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकाचे आकडे घेऊ. पुढे आकडे बदलले, पायऱ्यांची उतरंड तीच राहिली. १०० युनिटांपर्यंत ऊर्जा आकार ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, ३०१ ते ५०० ला १४.५५. त्यावर प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार, म्हणजे अनुक्रमे ५.८८, ११.४६ आणि १५.७२. एका फेजच्या जोडणीचा स्थिर आकार १२८ रुपये आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन, म्हणजे इंधनाच्या खर्चाप्रमाणे बदलणारा आकार, बाजूला ठेवतो.

पाच खोल्या आहेत, प्रत्येकीत दोन-तीन माणसे राहतात आणि प्रत्येकीचा वापर महिन्याला ८५ युनिट आहे. पाच स्वतंत्र मीटर असते तर सगळे पहिल्याच पायरीवर बसले असते. प्रत्येकी सुमारे ५०० रुपये ऊर्जा व वहन, १२८ स्थिर, वर शुल्क. पाचांचे मिळून अंदाजे ३,६४० रुपये. तीच पाच कुटुंबे एका मीटरवर आली की वापर ४२५ युनिट होतो. पहिले १०० युनिट ५८८ रुपयांचे, पुढचे २०० युनिट २,२९२ चे आणि उरलेले १२५ युनिट १,९६५ चे. स्थिर आकार एकदाच आणि शुल्क धरून ५,७६९ रुपये. तेवढीच माणसे, तेवढ्याच बादल्या, आणि महिन्याला सुमारे २,१०० रुपये जास्त. खोलीमागे सव्वाचारशे.

यातली एक गोष्ट नीट पाहावी अशी विनंती आहे. ५,७६९ ला ४२५ ने भागले तर युनिटला साडेतेरा रुपये येतात. सब-मीटरवर १५ रुपये लावणारा मालक लुटारू आहे असे भाडेकरू म्हणतात. त्या १५ मधले साडेतेरा आयोगाच्याच पायऱ्यांनी लावलेले असतात. स्वतंत्र मीटरवर हेच युनिट साडेआठ रुपयांच्या आसपास पडले असते. कमी वापरणाऱ्या गरीब घराला जपण्यासाठी पायऱ्या केल्या, आणि कमी वापरणारी गरीब घरे एका छताखाली राहतात एवढ्याच कारणाने त्यांना श्रीमंताच्या पायरीवर नेऊन बसवले. दोन एसी लावणाऱ्या एका कुटुंबात आणि रॉडने पाणी तापवणाऱ्या पाच कुटुंबांत आजच्या दरपत्रकाला फरक दिसत नाही.

महाग वीज माणसाला गॅस गिझरकडे ढकलते

याच दरांनी एका बादलीचा खर्च काढून पाहिला. स्वतःच्या मीटरवर पहिल्या पायरीत ४ रुपये. दुसऱ्या पायरीत ८. सब-मीटरच्या १५ रुपयांच्या दराने ९. घरगुती सिलिंडर साडेआठशेचा धरला तर शेगडीवर पातेल्यात तापवलेली बादली साडेचार रुपयांना आणि गॅस गिझरची साडेतीनच्या आत पडते. सब-मीटरवर राहणारा माणूस गॅस गिझर का आणतो याचे दुसरे उत्तर शोधायला नको. स्वयंपाकाच्या सिलिंडरला दुहेरी नळी जोडतो आणि गिझर बाथरूमच्या भिंतीवर ठोकतो. गावाकडून आलेल्या एकट्या कामगाराकडे घरगुती जोडणी नसते. तो पाच किलोचा ‘छोटू’ घेतो, महाग पडला तर मोठ्या सिलिंडरमधून चोरून भरून घेतो. तो धोका आणखी निराळा.

गॅस गिझर बाथरूममध्ये मारतो कसा, ते आकड्यांत सांगतो. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर सुमारे १२ किलोवॅटचा गॅस जाळतो. त्याला तासाला १२ घनमीटर हवा लागते. आमच्याकडच्या खोल्यांतले बाथरूम चार बाय सहा फुटांचे आणि आठ फूट उंचीचे, म्हणजे साडेपाच घनमीटरच्या आतले. पहाटे थंडी म्हणून वरची झडप बंद, दार बंद. दहा मिनिटांत दोन घनमीटर हवेतला प्राणवायू जळून जातो, म्हणजे बाथरूममधल्या हवेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. प्राणवायू कमी झाला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोके जड होते, मग पायांतले बळ जाते, त्यामुळे कडी काढण्याची वेळ येते तेव्हा हात वर जात नाही. गिझर बाथरूमबाहेर मोकळ्या हवेत लावून आत फक्त गरम पाण्याची नळी नेली तर हा प्रकार होत नाही. भाड्याच्या खोलीला बाहेरची भिंतच नसेल तर गॅस गिझर लावूच नये. त्यावर बंदी घाला असे सांगणे सोपे आहे. पण बादलीमागे नऊ रुपयांची वीज तशीच ठेवून बंदी घातली तर लोक तेच गिझर लपवून लावतील.

वायरिंगची हकीकत

सब-मीटरच्या चाळीत मालकाचा मंजूर भार बहुधा दोन किंवा तीन किलोवॅटचा असतो आणि खोल्या पाच-सहा. पहाटे साडेपाच ते सात या वेळात पहिल्या पाळीला जाणारे सगळे एकदम रॉड लावतात. १,५०० वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर घेतो. पाच रॉड म्हणजे बत्तीस अँपिअरच्या वर. मुख्य वायर अनेकदा जुनी अॅल्युमिनियमची, खोलीत गेलेली वायर एक स्क्वेअर एमएमची. सहा अँपिअरच्या प्लगात रॉडची पिन घातलेली असते. त्या प्लगात थोडी जरी ढिलाई असली तर पिनच्या भोवती काळे वर्तुळ पडते, प्लॅस्टिक वितळते आणि खोलीत जळका वास येतो. किटकॅट फ्यूज वितळला की कोणीतरी त्यात जाड तार घालतो. त्या दिवसापासून फ्यूज असून नसल्यासारखा. पुढच्या वेळी वितळते ती भिंतीतली वायर.

गिझर आणला तरी वायरिंगचा प्रश्न सुटत नाही. १५ लिटरचा गिझर बाजारात बहुतेक २ किलोवॅटचाच मिळतो, तो पावणेनऊ अँपिअर घेतो. भाडेकरू सहसा तीन लिटरचा इन्स्टंट गिझर घेतो, कारण तो स्वस्त असतो आणि खोली बदलताना काढून नेता येतो. पण तो ३ किलोवॅटचा, १३ अँपिअरचा. एका फेजवर पाच खोल्यांत असे दोन जरी चालू झाले तरी मालकाचा मुख्य एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप बंद होणारे बटण) पडतो आणि सगळ्या चाळीत अंधार होतो. मालक मग ‘गिझर लावायचा नाही’ अशी अट घालतो. भाडेकरू परत रॉडवर येतो.

रॉडचे नियम लोकांना माहीत असतात, पाळता येत नाहीत. रॉडवरच्या खुणेपर्यंत पाणी हवे, मगच बटण दाबायचे. पाण्यात हात घालण्याआधी नुसते बटण बंद करून भागत नाही, पिनही काढायची, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कित्येकदा फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते. स्टीलच्या बादलीत रॉड नको, प्लॅस्टिकच्या बादलीत तो काठाला टेकू नये. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने रॉडच्या नळीवर पांढरा थर चढतो. त्या थराखाली नळी जास्त तापते, एक दिवस तडकते आणि फेज पाण्यात उतरते. भारतीय मानक ३६८ चा शिक्का नसलेला रॉड रस्त्यावर निम्म्या किमतीला मिळतो. त्याची नळी पातळ, त्याची वायरही पातळ. गिझरला हाच थर आणि हाच धोका आहे, फक्त तिथे भारतीय मानक २०८२ आणि धातूची टाकी अर्थिंगला जोडलेली असते. अर्थिंग असेल तर.

यावर इलाज आहे आणि तो साधा आहे. बाथरूमबाहेर १६ अँपिअरचा एक स्वतंत्र पॉइंट. त्याला २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर थेट बोर्डापासून. वायर लांबून आणावी लागत असेल किंवा ३ किलोवॅटचा गिझर लावायचा असेल तर ४ स्क्वेअर एमएम. त्याच्यावर १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी, खरे अर्थिंग, आणि सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे बटण. लोक अजून तिला ईएलसीबी म्हणतात. घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांत लिहिलेली आहे. वायर फार लांबची नसेल तर एका खोलीचे हे काम साधारण पाच-सहा हजारांत होते.

वायरमन मंडळींसाठी इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण निम्म्या आरसीसीबी याच कारणाने काढून टाकल्या जातात. सब-मीटरच्या चाळीत दोन खोल्यांचा न्यूट्रल एकच करून ठेवलेला असतो. फेज या खोलीच्या आरसीसीबीमधून येतो आणि न्यूट्रल शेजारच्या खोलीतून परत जातो. आरसीसीबीला ती गळती वाटते, ती पडते. ‘ही खराब निघाली’ म्हणून थेट जोडणी करून दिली जाते. खराब काही नसते. आधी प्रत्येक खोलीचा न्यूट्रल वेगळा करा. दुसरे असे की अर्थिंग नसतानाही आरसीसीबी बसवावीच, पण तेव्हा ती माणसाने हात लावल्यावरच पडेल. अर्थिंग असेल तर गिझरची कॉइल फुटल्याक्षणी पडते, माणूस बाथरूममध्ये जायच्या आधी. म्हणून एकाच्या बदली दुसरे चालत नाही. आणि तिच्यावरचे ‘टेस्ट’चे बटण महिन्यातून एकदा दाबायचे असते, ते दाबलेले आम्ही क्वचितच पाहतो.

हा खर्च भाडेकरूने का करायचा नाही, तेही सांगतो. करार अकरा महिन्यांचा असतो आणि भिंतीतली वायर काढून नेता येत नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आतल्या-बाहेरच्या वायरिंगची देखभाल मालकाकडे आणि गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे. विभागणी ठीक आहे. मात्र वायरिंग कसे असले पाहिजे हे न सांगता गिझर भाडेकरूच्या गळ्यात घातला, तर फुटलेल्या कॉइलचे कारण गिझर होते की अर्थिंग, हा वाद मिटायचा नाही.

छपरावरचे सोलर

थोडक्यात लिहितो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत छपरावरच्या १ किलोवॅटला ३०,००० आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. छप्पर मालकाचे, मीटर मालकाचा, अनुदानही मालकाचे. त्याचे बिल खाली येते, खोलीतला सब-मीटर मात्र पूर्वीच्याच दराने फिरतो. सोलर वॉटर हीटरलाही पुणे महापालिका मिळकतकरात सूट देते. सूट घेणाऱ्या इमारतीतल्या भाड्याच्या सदनिकांत त्याचे पाणी येते का, हे कोणी तपासायला येत नाही. सार्वजनिक पैशातून स्वस्त झालेल्या उष्णतेचा थोडा वाटा तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्याला मिळावा, इतकेच.

‘स्वतःचा मीटर घ्या की’

असे उत्तर येईल हे आम्हाला माहीत आहे. कायदा आमच्या बाजूने आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा तिथे वहिवाट असणारा, दोघांपैकी कोणीही अर्ज केला तरी वितरण कंपनीने वीज द्यायची आहे. २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत १० किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला दोनच कागदपत्रे सांगितली आहेत: ओळखीचा पुरावा आणि मालकीचा किंवा वहिवाटीचा पुरावा. २०२४ च्या दुरुस्तीने महानगरांत तीन दिवसांत, इतर पालिका क्षेत्रांत सात दिवसांत जोडणी द्यायची आहे. आणि कलम २(१५) मधली ग्राहकाची व्याख्या वाचली तर जिची जागा वितरण कंपनीच्या यंत्रणेला जोडलेली आहे अशी कोणतीही व्यक्ती तिच्यात येते, बिलावर नाव कोणाचे का असेना.

खिडकीवर मात्र मालकाचे ना-हरकत पत्र मागितले जाते. लीव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार दाखवला तरी. मालक ते पत्र देत नाही, आणि त्याच्या दोन्ही भीती खोट्या नाहीत. पहिली, भाडेकरू बिल थकवून गेला तर वसुली जागेवर येईल. दुसरी, मीटर भाडेकरूच्या नावे झाला तर तो खोलीवर हक्क सांगेल. वितरण कंपनीची भीती तिसरीच: मालक स्वतःच्याच घरात नातेवाइकांच्या नावे चार मीटर घेऊन पायऱ्या फोडील.

तिन्हींवर उपाय आहेत. थकबाकीची भीती प्रीपेड मीटरने संपते. प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही, असे कलम ४७(५) सांगते, म्हणजे नव्या भाडेकरूवरचा बोजाही कमी होतो. सगळ्यांवर प्रीपेड लादण्याला लोकांचा विरोध होता आणि सरकारने २०२४ मध्ये तसे करणार नाही असे सांगितले, ते बरोबरच. इथे प्रश्न ज्याला हवा त्याला देण्याचा आहे. हक्काच्या भीतीसाठी मीटरच्या नोंदीवर ‘करारापुरता’ असा शेरा आणि कराराची शेवटची तारीख घालता येते. त्या तारखेला जोडणी आपोआप बंद व्हावी किंवा मालकाच्या नावे परत जावी. पायऱ्या फोडण्याची भीती नोंदणीकृत कराराने बऱ्याच अंशी जाते. राज्यात हे करार ऑनलाइन नोंदवले जातात, वितरण कंपनीने नोंदणी विभागाकडून करार क्रमांक पडताळून घ्यायचा आहे.

आमच्या मागण्या

१. नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार हा वहिवाटीचा पुरेसा पुरावा आहे आणि त्यावर ना-हरकत पत्र मागू नये, असे आयोगाने वितरण कंपन्यांना लेखी कळवावे. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यावे. वर सांगितलेला ‘करारापुरता’ मीटर, मागेल त्याला प्रीपेड, याच आदेशात यावा.

२. जिथे जागेअभावी किंवा इमारतीच्या अवस्थेमुळे स्वतंत्र मीटर लगेच बसणार नाहीत, तिथे पायरी कुटुंबांच्या संख्येने गुणावी. पाच नोंदणीकृत करार असलेल्या जोडणीला पहिली पायरी १०० ऐवजी ५०० युनिटांची. स्थिर आकारही पाच वेळा घ्या, आमची तयारी आहे. वरचा हिशेब तो धरूनच केला आहे.

३. सब-मीटरचा दर त्या महिन्याच्या बिलाच्या सरासरी युनिट दरापेक्षा जास्त नसावा आणि बिलाची प्रत भाडेकरूला मिळावी. दुपारची सवलत किंवा सोलरमुळे झालेली घट त्या सरासरीत आपोआप येईल. मालकाला सब-मीटरच्या देखभालीसाठी ठरावीक रक्कम घेऊ द्या, पण ती वेगळी दाखवून.

४. सब-मीटरवर राहणाऱ्याला कलम २(१५) प्रमाणे ग्राहक मानून तक्रार निवारण मंचाने त्याचा अर्ज घ्यावा. अर्जाच्या नमुन्यात ग्राहक क्रमांकाच्या रकान्याशेजारी ‘वहिवाटदार’ असा दुसरा रकाना पुरेसा आहे. वीज तोडून खोली रिकामी करून घेणाऱ्या मालकाविरुद्ध महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम २९ आधीच आहे. ते कुठे आणि कसे वापरायचे हे बिलाच्या मागच्या बाजूला मराठीत छापावे.

५. गृहनिर्माण विभागाने कराराच्या ऑनलाइन नमुन्यात एक पानाचे विद्युत परिशिष्ट जोडावे: १६ अँपिअरचा पॉइंट आहे की नाही, वायर किती स्क्वेअर एमएमची, अर्थिंग तपासल्याची तारीख, आरसीसीबी बसवली आहे का, आणि परवानाधारक वायरमनची सही. पहिली दोन वर्षे हे फक्त भरणे सक्तीचे असावे. त्यानंतर आरसीसीबी आणि अर्थिंग नसलेल्या जागेचा करार नोंदवू नये.

६. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर लावण्यास मनाई करावी, पण पहिल्या दोन मागण्या अमलात आल्यानंतर. तोवर किमान सिलिंडर पोचवणाऱ्या एजन्सीकडून होणाऱ्या सुरक्षा तपासणीत गिझर कुठे लावला आहे याची नोंद व्हावी.

७. वरच्या क्रमांक २ च्या मागणीचा महसुलावर काय परिणाम होईल, याचा अंदाज वितरण कंपनीकडून मागवून आयोगाने तो जाहीर करावा. तूट खरोखर मोठी असेल तर सवलत नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांपुरती ठेवायलाही आमची हरकत नाही.

यांतल्या पहिल्या आणि चौथ्या मागणीला नवा कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही. एक परिपत्रक पुरते. दुसऱ्या आणि तिसऱ्या मागणीसाठी जनसुनावणी घ्यावी लागेल. तिची नोटीस येत्या हिवाळ्यापूर्वी निघावी आणि ती पुणे व नाशिक इथे रविवारी ठेवावी, कारण ज्यांचा हा प्रश्न आहे त्यांना इतर दिवशी पाळी सोडून येता येत नाही. सब-मीटरच्या नोंदवह्या, बिलांच्या प्रती आणि वायरिंगचे फोटो आम्ही सुनावणीत सादर करू.

आपले,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील भाडेकरू आणि वायरमन